गाभा मध्यावर आहे का?

प्रस्तावना

1932 सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फिल यंग नावाचे एक कारखानदार आपल्या मित्रासोबत गोल्फ खेळत होते. एक सोपा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलण्याचा हलका फटका, त्यांनी हवा तसा मारला आणि तरीही चेंडू होलच्या बाजूने निघून गेला. असं झालं की खेळाडू सहसा स्वतःच्या मनगटाला नाहीतर गवताला बोल लावतो आणि पुढे चालू लागतो. यंगना ते पटेना. ते एमआयटीत शिकलेले होते आणि अकुशनेट प्रोसेस कंपनी या रबराच्या कारखान्याचे मालक होते. साच्यातून निघालेली वस्तू वरून कितीही नेटकी दिसली तरी आत काहीही असू शकतं, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं. मित्राच्या हाताशी एक्स-रे यंत्र होतं. त्यांनी चेंडूचा एक्स-रे काढला. गाभा मध्यावर नव्हता, एका अंगाला सरकलेला होता. मग आणखी चेंडू तपासले, तर त्यांतल्या बऱ्याच चेंडूंची तीच गत.

कंपनीने पुढे ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की तिला एक ठरीव घाट आला आहे. त्या दिवशीचा तो पट खरोखर चेंडूमुळेच चुकला का, हे आता कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण त्यानंतर जे घडलं ते पक्कं आहे आणि मला तेच अधिक मोलाचं वाटतं. यंगना एक सोपा मार्ग उपलब्ध होता: बाजारातले चेंडू घ्यायचे, एक्स-रेखाली धरायचे, चांगले निवडून जास्त भावाने विकायचे. त्यांनी तसं केलं नाही. एमआयटीतलेच रबरतज्ज्ञ फ्रेड बोमर यांना सोबत घेऊन त्यांनी चेंडू बनवण्याची रीतच तपासायला घेतली. गाभ्यावर रबरी दोरा सगळीकडून एकसारखा गुंडाळला जाईल असं यंत्र घडवण्यात तीन वर्षं गेली. 1935 मध्ये ‘टायटलिस्ट’ हा चेंडू बाजारात आला.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय, म्हणजे गोल्फच्या चेंडूची एक्स-रे तपासणी, ऐकायला फार चिंचोळा वाटेल. मला तो तसा वाटत नाही. माझी नोकरीची वर्षं कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांतल्या कास्टिंगच्या फिल्म वाचण्यात गेली. व्हॉल्व्हची बॉडी असो की पंपाचं केसिंग, फिल्म व्ह्यूअरवर लावायची, फिल्म नीट निघाली का हे सांगणारी पेनेट्रामीटरची तार दिसते का ते आधी पाहायचं आणि मग ब्लोहोल, श्रिंकेज, चीर शोधायची. त्या कामातून माझं एक मत बनलं. एक्स-रेचा सर्वांत सामान्य वापर म्हणजे वाईट माल बाजूला काढणं, आणि सर्वांत चांगला वापर म्हणजे तो वाईट का झाला हे भट्टीपर्यंत, साच्यापर्यंत जाऊन सांगणं. गोल्फच्या चेंडूइतकं या मताचं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, म्हणून ही प्रस्तावना लिहिण्याचं मी आनंदाने मान्य केलं.

आधी चेंडूची थोडी ओळख. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कातडी पिशवीत पिसं ठासून भरलेला चेंडू वापरत. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाचा चेंडू आला. तो आरपार एकाच पदार्थाचा होता, त्यामुळे त्यात गाभा सरकण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न आला 1898 मध्ये. ओहायोतल्या कोबर्न हॅस्केल यांनी अ‍ॅक्रन शहरातल्या बी. एफ. गुडरिच कंपनीच्या बर्ट्रम वर्क यांच्यासोबत रबरी गाभ्यावर ताणलेला रबरी दोरा गुंडाळलेला चेंडू बनवला. तो गटापर्चाच्या चेंडूपेक्षा लांब जाई. 1901 ची अमेरिकन हौशी स्पर्धा वॉल्टर ट्रॅव्हिस यांनी आणि 1902 ची ब्रिटिश ओपन सँडी हर्ड यांनी हाच चेंडू वापरून जिंकली, आणि जुना चेंडू मागे पडला. पण या नव्या चेंडूत आता आत आणि बाहेर असे दोन भाग झाले होते. दोरा एका बाजूला जास्त बसला, एखादा वेढा सैल पडला की गाभा हळूच सरके. वरून आवरण चढवून, खळगे उमटवून, रंग दिला की सगळे चेंडू सारखेच दिसत.

पुरणपोळी लाटताना पुरण एका अंगाला जातं आणि पोळी मात्र चंद्रासारखी गोल राहते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की पोळी खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळतं. चेंडू विकत घेणाऱ्याला कधीच कळत नाही. तो आपला खेळ बिघडला असं समजतो.

खेळाचे नियम इथे किती मदत करतात? स्कॉटलंडमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए या दोन संस्था मिळून चेंडूचे नियम ठरवतात. व्यास 42.67 मिलिमीटरहून कमी नको, वजन 45.93 ग्रॅमहून जास्त नको. सममितीचाही नियम आहे: चेंडूचे गुणधर्म सर्व बाजूंनी सारख्या असलेल्या गोलापेक्षा वेगळे असतील अशी त्याची रचना किंवा बनावट नसावी. हा नियम मुख्यतः मुद्दाम केलेल्या युक्त्यांना अटकाव करण्यासाठी आहे. 1970 च्या दशकात खळग्यांची रचना ठिकठिकाणी वेगळी ठेवून आपोआप सरळ जाणारा ‘पोलारा’ चेंडू निघाला होता, त्याला असाच मज्जाव झाला. पण साच्यात नकळत राहिलेली चूक, रोजच्या लाखो चेंडूंतली, हे नियमपुस्तक एकेक करून तपासणार नाही. ती जबाबदारी बनवणाऱ्याची आहे.

आता एक्स-रेकडे येऊ. रंटजेन यांनी 1895 च्या नोव्हेंबरात वुर्झबर्गमध्ये हे किरण शोधले, ही गोष्ट शाळेत सर्वांनी वाचलेली असते. आपल्याला हवा आहे तो त्यांचा एकच गुण: प्रत्येक पदार्थ त्यांना सारखं अडवत नाही. कमी ताकदीच्या किरणांसाठी हे अडवणं पदार्थाच्या अणुक्रमांकावर फार झपाट्याने, साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. रबर म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. कार्बनचा अणुक्रमांक 6. म्हणजे निव्वळ रबराचा चेंडू किरणांना जवळजवळ पारदर्शकच. मग गाभा वेगळा दिसतो कसा? तो दिसतो त्यात घातलेल्या जड पुडीमुळे. आजचा गाभा पॉलिब्युटाडाइन रबराचा असतो. त्याला हव्या त्या वजनावर आणण्यासाठी झिंक ऑक्साइड, बेरियम सल्फेट, कधी टंगस्टन मिसळतात. झिंकचा अणुक्रमांक 30, बेरियमचा 56, टंगस्टनचा 74. पोटाचा एक्स-रे काढण्याआधी दवाखान्यात जे पांढरं दाट पेय पाजतात त्यातही हेच बेरियम सल्फेट असतं, आणि कारण तेच: त्याची सावली गडद पडते. चेंडूत ते वजनासाठी घातलं गेलं, पण तपासणाऱ्याच्या ते आयतं कामी आलं. त्याच वेळी याची एक मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. शेजारच्या दोन थरांत जड पुडीचं प्रमाण जवळपास सारखं असेल, तर त्यांच्यामधली रेषा चित्रात विरून जाते, आणि ती दिसत नाही म्हणून थर ठीक आहेत असं मानणं चुकीचं ठरतं.

या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग एका चित्राच्या फसवेपणाबद्दल आहे. एक्स-रे ही सावली असते. किरण वरून खाली जात असतील आणि गाभा डावी-उजवीकडे सरकलेला असेल तर ते सरकणं पूर्ण दिसेल. गाभा किरणांच्याच दिशेने, म्हणजे वर किंवा खाली सरकलेला असेल तर सावली मधोमध पडेल आणि चेंडू निर्दोष वाटेल. मधल्या कोनांत थोडं दिसेल, थोडं लपेल: सरकण्याची दिशा किरणांशी 30 अंशांचा कोन करत असेल तर खऱ्या सरकण्याच्या निम्मंच चित्रात उमटेल. अर्धा मिलिमीटरचा दोष पाव मिलिमीटरचा वाटेल आणि पास होईल. उपाय साधा आहे. चेंडू काटकोनात वळवून दुसरं चित्र काढायचं. दोन चित्रांतून तिन्ही दिशा हाती येतात. हे वाचायला सोपं आहे. पण गोल चेंडूला वर-खाली असं काही नसतं, तो जरा घरंगळला की पहिल्या चित्राशी दुसऱ्याचा संबंध तुटतो. म्हणून त्याला धरून नेमका 90 अंशांत फिरवणारी बैठक लागते. आमच्याकडे कास्टिंगच्या एका कोपऱ्यातली चीर एकाच दिशेच्या फिल्मवर साफ निसटलेली मी पाहिली आहे, त्यामुळे या पानांवर मी जास्त वेळ थांबलो.

एका चित्राच्या फसवेपणावर दुसरा उपाय म्हणजे सीटी स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1971 च्या ऑक्टोबरात लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. 1979 चं नोबेल त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळालं. त्याच तत्त्वावरची औद्योगिक यंत्रं आज चेंडूचे आडवे-उभे छेद न कापता दाखवतात. मात्र त्याला शेकडो चित्रं घ्यावी लागतात, वेळ जातो. त्यामुळे सीटी प्रयोगशाळेत शोभतं आणि धावत्या पट्ट्यावर दोन-तीन झटपट चित्रांवर भागवावं लागतं.

एक्स-रे नसलेल्या खेळाडूंनीही आपापले मार्ग काढले होते. बेन होगन चेंडू एप्सम सॉल्टच्या पाण्यात तरंगत ठेवून पाहत असत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. यामागचं गणित सोपं आहे. वर दिलेल्या व्यासाचा आणि वजनाचा चेंडू म्हणजे घनता साधारण 1.13; साध्या पाण्यात तो बुडतो, पुरेसं मीठ घातलेल्या पाण्यात तरंगतो. तरंगणारा चेंडू हलकेच फिरवला आणि दर वेळी तीच बाजू वर आली, तर जड बाजू खाली आहे हे उघड. ही चाचणी खरी आहे, पण ती वेगळा प्रश्न विचारते. ती वजनाचा मध्य शोधते, एक्स-रे आकाराचा मध्य शोधतो. समजा 38 मिलिमीटरचा गाभा अर्धा मिलिमीटर सरकला आणि गाभ्याची घनता बाहेरच्या थरांपेक्षा 0.15 ने जास्त आहे. हिशेब केला तर सगळ्या चेंडूचा वजनमध्य सरकतो अवघा 0.05 मिलिमीटर, म्हणजे गाभ्याच्या सरकण्याच्या एक दशांश. दोन्ही घनता सारख्या असतील तर वजनमध्य मुळीच हलणार नाही आणि मिठाचं पाणी अशा चेंडूला खुशाल पास करेल.

मग तो चेंडू वाईट का म्हणायचा? कारण दांड्याचा फटका बसतो तेव्हा चेंडू क्षणभर दबतो आणि किती दबायचं, किती फिरकी घ्यायची हे आतले थर ठरवतात. एका बाजूला थर जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल, तर त्याच हाताने, त्याच दांड्याने मारलेले दोन फटके वेगळे वागू शकतात. चेंडू टीच्या खुंटीवर ठेवताना कुठली बाजू पुढे आली यावर ते अवलंबून राहील. यंगना दोष पट मारताना जाणवला. मला वाटतं, आजच्या चेंडूत त्याची जास्त काळजी मोठ्या फटक्यांसाठी करायला हवी.

आजचा चेंडू म्हणताना 2000 सालचा उल्लेख टाळता येत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लास वेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा ‘प्रो व्ही वन’ पहिल्यांदा उतरला. 47 खेळाडूंनी तो त्याच आठवड्यात हाती घेतला आणि तो वापरणारे बिली अँड्रेड जिंकले. घन गाभा, वर एक आवरण, त्यावर युरेथेनची पातळ साल. यानंतर थोड्याच काळात दोरा गुंडाळलेला चेंडू व्यावसायिक खेळातून गेला. यंग आणि बोमर यांनी ज्या गुंडाळण्याच्या यंत्रावर तीन वर्षं घालवली, ते यंत्रच निरुपयोगी झालं. त्यांचा प्रश्न मात्र तसाच उरला, फक्त त्याची जागा बदलली. आता गाभा सरकतो तो साच्यात.

कसा, ते पाहण्यासारखं आहे. मधला थर चढवताना गाभा साच्याच्या पोकळीत बारीक पिनांवर अधांतरी धरलेला असतो. चहूकडून वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत येतं. प्लास्टिकने गाभ्याला पुरतं सावरलं की पिना मागे घ्यायच्या, आणि त्यांची भोकं बुजेपर्यंत प्लास्टिक मऊ असायला हवं. पिना थोड्या लवकर निघाल्या तर गाभा वाहत्या प्लास्टिकबरोबर ढकलला जातो. उशिरा निघाल्या तर भोकांच्या खुणा राहतात. सगळा खेळ क्षणांचा आहे. युरेथेनची साल ओतून चढवतात तेव्हा तऱ्हा वेगळी. अर्ध्या वाटीत पातळ युरेथेन ओतायचं, ते आळू लागलं की गोळा त्यात उतरवायचा. नीट आळलं नसेल तर गोळा बुडतो आणि तळाची साल पातळ होते. ही साल मुळातच एक मिलिमीटरहून पातळ, त्यामुळे इथे केसाएवढी चूकही मोठी.

आता हे सगळं एक्स-रेच्या चित्रांना जोडून पाहा. चेंडू ज्या साच्याच्या ज्या घरातून, म्हणजे पोकळीतून, निघाला त्याची नोंद ठेवली आणि त्यावर दिशेची खूण केली, तर चित्रं बोलू लागतात. एकाच घरातले चेंडू दर वेळी एकाच बाजूला सरकलेले असतील तर त्या घराची पिन वाकलेली किंवा झिजलेली असण्याचा संशय घ्यावा. सगळ्या घरांतले चेंडू खालच्या अर्ध्याकडे सरकलेले असतील तर युरेथेन आळण्याची वेळ तपासावी. दिशा कशाही, पण सरकणं एकदम वाढलेलं असेल तर कच्च्या मालाकडे, तापमानाकडे पाहावं. नोंद न ठेवता सगळे चेंडू एका टोपलीत टाकले आणि मग तपासले, तर यंत्र कितीही महाग असो, हाती फक्त रिजेक्शनचा आकडा येतो. त्या आकड्यावरून कुणालाही काही दुरुस्त करता येत नाही. लेखकाने हा मुद्दा फार संयमाने मांडला आहे. मी तो जरा मोठ्या आवाजात मांडतो, कारण आपल्याकडच्या किती तरी कारखान्यांत तपासणी विभाग आणि उत्पादन विभाग एकमेकांशी फक्त भांडण्यापुरते बोलतात.

मोठ्या कंपन्यांनी या तपासणीवर खर्च केला आहे. कॅलवेने मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी इथल्या, एकेकाळी स्पाल्डिंगच्या असलेल्या कारखान्यात सुमारे पाच कोटी डॉलर घालून सुधारणा केल्या आणि त्यात एक्स-रे यंत्रांचा समावेश होता. स्वतंत्रपणे चाचणी करणारे लोकही आता बाजारातून चेंडू आणून मधोमध कापतात आणि गाभ्याचे फोटो सगळ्यांसमोर मांडतात. यात बनवणाऱ्यांनी राग मानण्यासारखं काही नाही. विकलेला चेंडू कापून पाहण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे, आणि त्या भीतीपोटी का होईना, पट्ट्यावरचे चेंडू जास्त काळजीने तपासले जात असतील तर चांगलंच.

एका गोष्टीचं उत्तर मात्र यंत्र देत नाही. किती सरकलं म्हणजे दोष? गाभा गणिताच्या अचूक मध्यावर कधीच नसतो. सगळे चेंडू थोडे सरकलेलेच असतात. रेघ कुठे ओढायची ते माणूस ठरवतो. ती घट्ट ओढली तर चांगले चेंडूही फेकले जातात आणि किंमत वाढते. सैल ओढली तर गिऱ्हाइकाची फसवणूक होते आणि ती त्याला कळतही नाही. माझ्या अनुभवात महिनाअखेरीला, माल पाठवायची तारीख जवळ आली की ही रेघ हळूच सरकते. म्हणून ती आधी लिहून ठेवलेली असावी, कारणासकट लिहिलेली असावी, आणि ती बदलायची तर बदलणाऱ्याची सही तिच्यापुढे असावी. या पुस्तकात मर्यादा ठरवण्याची जी रीत दिली आहे, आधी सरकवलेले चेंडू मुद्दाम बनवायचे, मग ते यंत्राने फटकावून त्यांची उड्डाणं मोजायची, आणि त्यावरून रेघ ठरवायची, ती मला प्रामाणिक वाटते.

एक्स-रेचा वापर आला की सुरक्षेचा प्रश्न येतोच. चेंडूसाठी लागणारे किरण कास्टिंगसाठी वापरायच्या इरिडियम-192 च्या मानाने सौम्य असतात आणि यंत्र शिशाच्या बंद कपाटात असतं. दार उघडलं की किरण बंद होतात. तरी दाराचा तो स्विच ‘सोयीसाठी’ बांधून ठेवणारे लोक असतात. मुंबईच्या अणुशक्तीनगरातलं अणुऊर्जा नियामक मंडळ या यंत्रांवर देखरेख ठेवतं आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमांतून आपल्याकडचे कित्येक तंत्रज्ञ तयार झाले आहेत. त्या वर्गांत सुरक्षेचा पहिला धडा जितक्या कडकपणे शिकवतात, तितक्याच कडकपणे तो इथेही दिला आहे, याचं मला समाधान वाटतं.

हे पुस्तक कुणी वाचावं? पुण्याच्या येरवड्यात किंवा मुंबईच्या चेंबूरमध्ये गोल्फ खेळणाऱ्याने वाचावंच, आपण काय विकत घेतो ते त्याला कळेल. पण माझ्या मनात जास्त करून आहेत ते प्लास्टिक मोल्डिंग, रबर आणि ओतकामाच्या कारखान्यांतले तरुण इंजिनिअर आणि आयटीआय होऊन क्यूसीत लागलेली मुलंमुली. त्यांनी गोल्फचे नियम आणि खेळाडूंची नावं सांगणारी सुरुवातीची पानं हवी तर चाळावीत. दोन दिशांच्या चित्रांचं प्रकरण आणि साच्याच्या घरांच्या नोंदीचं प्रकरण मात्र हाती पेन्सिल घेऊन वाचावं, त्यातली उदाहरणं स्वतः सोडवावीत, आणि मग आपल्या खात्यात निघणाऱ्या एखाद्या भागासाठी तसाच तक्ता आखून तो मशीनवर काम करणाऱ्या ऑपरेटरला दाखवावा.